४३ किलो कागदाचे ९ किलो: जाहिरात छापताना पर्यावरणाचा विचार नेमका कुठे करायचा

पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या एखाद्या छापखान्यात जाऊन ‘आम्हाला इको-फ्रेंडली छपाई करायची आहे’ असं सांगितलं, की बहुतेक वेळा समोर तपकिरी, ठिपकेदार कागदांचे नमुने येतात. गिऱ्हाईक त्यातला एक निवडतं आणि विषय तिथेच संपतो. खरं तर कागद कोणता, हा या कामातला तिसरा-चौथा प्रश्न आहे. त्याच्या आधी किती प्रती, कोणत्या मापाच्या आणि किती जाड हे ठरतं. सगळ्यात मोठी बचत तिथेच होते आणि तिला पैसे लागत नाहीत, उलट वाचतात.

एक उदाहरण घेऊ. समजा, कोथरूडमध्ये तुमचा दिवाळी फराळाचा व्यवसाय आहे. वर्तमानपत्रात घालून वाटायला ५००० पत्रकं हवी आहेत. नेहमीची ऑर्डर ठरलेली असते: साडेआठ बाय अकरा इंच, १३० जीएसएम आर्ट पेपर (चकचकीत लेप दिलेला कागद), दोन्ही बाजूंनी चार रंग. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. १८ बाय २३ इंचाच्या एका शीटवर अशी चार पत्रकं बसतात, म्हणजे १२५० शीट लागतील. एका शीटचं क्षेत्रफळ साधारण ०.२६७ चौरस मीटर, वजन ३४.७ ग्रॅम. एकूण कागद सुमारे ४३ किलो.

आता जाडी ९० जीएसएमवर आणा. कागद ३० किलोवर आला. मग मजकुराकडे बघा. फराळाची यादी, दर, फोन नंबर, ऑर्डरची शेवटची तारीख एवढंच सांगायचं असेल, तर साडेपाच बाय साडेआठ इंच पुरे. कागद १५ किलो. शेवटी वाटपाचा हिशेब करा. तुम्ही घरपोच फक्त कोथरूड, कर्वेनगर आणि वारज्यात देत असाल, तर हडपसरला पत्रकं टाकून काही हाती लागत नाही. ५००० ऐवजी ३००० छापली, की कागद ९ किलो. ४३ चे ९ झाले आणि अजून आपण पुनर्वापराच्या कागदाचं नावही काढलेलं नाही. उरलेल्या नऊ किलोंसाठी चांगला, थोडा महाग कागद घेतला तरी एकूण खर्च पहिल्यापेक्षा कमीच येतो.

मापाच्या बाबतीत एक चूक सर्रास होते. डिझायनर संगणकावर ए-फोर पान उघडतो आणि त्याच मापात डिझाइन करतो. ए-फोर म्हणजे ८.२७ बाय ११.६९ इंच. आपल्याकडे सहज मिळणारा कागद २३ बाय ३६ इंचाचा, आणि त्याचा अर्धा तुकडा १८ बाय २३. अकरा पूर्णांक एकोणसत्तरची दुप्पट २३.३८ होते, म्हणजे २३ इंचांत ए-फोरची दोन पानं लांबीला बसतच नाहीत. मग छापखान्याला २५ बाय ३६ चा कागद अर्धा करून १८ बाय २५ चं शीट वापरावं लागतं. जवळजवळ ९ टक्के जादा कागद लागतो, आणि तो कटिंगच्या पट्ट्यांच्या रूपाने बाहेर पडतो. साडेआठ बाय अकराचं पान मात्र १८ बाय २३ मध्ये चोख बसतं: चारही बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी रंगाची जादा कड, धरूनही १८ च्या बाजूला ग्रिपरसाठी, म्हणजे मशिनने कागद पकडायच्या कडेसाठी, सुमारे १३ मिलिमीटर उरतात. म्हणून डिझाइन सुरू करण्याआधी छापखान्याला एकच प्रश्न विचारा: ‘तुमच्या मशिनवर कोणतं शीट चालतं आणि त्यात कोणतं माप कागद वाया न जाता बसतं?’ डिझाइन मंजूर झाल्यावर हा प्रश्न विचारून काही उपयोग नसतो.

दुसरा प्रश्न प्लेटचा. ऑफसेट छपाईत, म्हणजे प्लेटवरची शाई रबरी ब्लँकेटवरून कागदावर उतरवणाऱ्या छपाईत, प्रत्येक रंगाला ॲल्युमिनियमची एक प्लेट लागते. दोन्ही बाजूंना चार रंग म्हणजे आठ प्लेटा. पण शीटच्या एका अर्ध्या भागात पुढची बाजू आणि दुसऱ्या अर्ध्यात मागची बाजू लावली, शीट छापून उलटवलं आणि त्याच प्लेटांनी पुन्हा छापलं, की चार प्लेटांत काम भागतं. छापखान्यात याला ‘वर्क अँड टर्न’ म्हणतात. मशिन एकदाच जुळवावं लागतं, त्यामुळे रंग जुळेपर्यंत वाया जाणारी शीटंही कमी होतात. चार रंगी कामात ही जुळवणीच शे-दीडशे शीटं खाते. प्रती कमी असतील, तर हेच वेस्टेज डोळ्यांवर येतं: तीनशे पत्रकांसाठी दीडशे शीटं फुकट घालवणं कुणालाच परवडत नाही. म्हणून काही शे प्रतींपर्यंतचं काम डिजिटल मशिनवर करावं. तिथे प्लेट नाही, जुळवणीत दोन-चार शीटं जातात आणि पुढच्या वर्षी दर बदलले तर जुना गठ्ठा रद्दीत घालावा लागत नाही. हजाराच्या पुढे ऑफसेट. मधल्या टप्प्यात दोन्हीकडचे दर मागवा.

डिजिटलमध्येही फरक आहे. पावडरच्या टोनरवर छापलेल्या कागदावरून पुनर्प्रक्रियेत शाई बऱ्यापैकी सुटते. द्रवरूप टोनर आणि पाण्यावर आधारित इंकजेट यांची शाई काढणं गिरणीला अवघड जातं. तुमच्या शे-दोनशे प्रतींनी आभाळ कोसळणार नाही, पण दोन्ही पर्याय हाताशी असतील तर कोरडा टोनर निवडावा.

आता कागद

बाजारात जे कागद ‘पर्यावरणस्नेही’ म्हणून मिळतात, त्यांचे ढोबळ चार प्रकार.

पहिला, रद्दीपासून बनलेला. इथे विचारायचं ते हे: यातली रद्दी लोकांनी वापरून टाकलेली आहे, की गिरणीतल्या आणि छापखान्यातल्या कतरणींची आहे? कतरणी तशाही गिरणीकडे परत जातच असतात. लोकांच्या घरातून आलेली रद्दी वापरली गेली, तर पुण्यातल्या कचरावेचकांनी वेगळ्या केलेल्या कागदाला गिऱ्हाईक मिळतं. ‘स्वच्छ’सारख्या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेचं काम टिकायचं, तर या साखळीच्या दुसऱ्या टोकाला मागणी असायलाच हवी.

दुसरा, उसाच्या चिपाडाचा, म्हणजे बगॅसचा. तमिळनाडू न्यूजप्रिंट अँड पेपर्स ही तमिळनाडू सरकारने स्थापन केलेली कंपनी चिपाडापासून मोठ्या प्रमाणावर कागद बनवते. तो पांढरा, गुळगुळीत असतो आणि मॅपलिथोसारखाच, म्हणजे पुस्तकांच्या साध्या पांढऱ्या कागदासारखाच, छापतो. झाडाचा लगदा नको, पण कागद ‘रीसायकल’ दिसायलाही नको, अशांसाठी हा उत्तम. महाराष्ट्रासारख्या उसाच्या राज्यात त्याची चौकशी इतकी कमी का होते, हे खरोखर कळत नाही.

तिसरा, हातकागद. शिवाजीनगरची हातकागद संस्था १९४० पासून हे काम करते आहे. सुती चिंध्यांच्या लगद्यापासून बनत असल्यामुळे त्याला झाड लागत नाही आणि धागा लांब असल्यामुळे तो मजबूत असतो. मात्र ऑफसेट मशिनवर तो नेऊ नये. पृष्ठभाग उंचसखल असतो, सुटे तंतू रबरी ब्लँकेटवर चिकटतात आणि भरीव रंगात पांढरे ठिपके पडतात. हातकागदाला स्क्रीन प्रिंटिंगच शोभतं, एक किंवा दोन रंगांत. व्हिजिटिंग कार्ड, निमंत्रण, भेटवस्तूला बांधायचं लेबल यांच्यासाठी तो सुंदर. पाच हजार पत्रकांसाठी नाही.

चौथा, बहुधा नव्या लगद्याचाच, पण एफएससी (फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिल) या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या प्रमाणपत्राचा. जंगलाची तोड नियम पाळून झाली आहे, एवढं हे प्रमाणपत्र सांगतं. त्याच्या तीन खुणा असतात: ‘१०० टक्के’, ‘मिक्स’ आणि ‘रीसायकल्ड’. इथे लोक फसतात ते असं: कागद प्रमाणित असला तरी छापखान्याकडे स्वतःचं साखळी-प्रमाणपत्र, म्हणजे प्रमाणित कागदाचा हिशेब वेगळा ठेवत असल्याचा दाखला, नसेल, तर तुमच्या पत्रकावर ते चिन्ह छापता येत नाही. चिन्हाखाली सी अक्षर आणि सहा अंकांचा परवाना क्रमांक असतो, आणि तो एफएससीच्या संकेतस्थळावर कुणालाही तपासता येतो. छापखाना ‘चिन्ह टाकून देतो’ म्हणाला, तर आधी तो क्रमांक मागा.

रद्दीच्या आणि इतर अनकोटेड, म्हणजे वर लेप नसलेल्या, कागदावर छपाई बिघडते ती बहुतेक वेळा डिझाइनमुळे. असा कागद शाई पितो, रंगाचा प्रत्येक ठिपका थोडा पसरतो. फोटो काळवंडतात, काळ्या पार्श्वभूमीवरची बारीक पांढरी अक्षरं बुजतात. उपाय सोपे आहेत. फोटो मुळातच थोडे उजळ ठेवा. भरीव गडद पार्श्वभूमी टाळा. पांढरी अक्षरं ८ पॉइंटपेक्षा लहान नकोत आणि ती जाड असू द्या. साधा मजकूर चार रंगांच्या काळ्यात नको, नुसत्या काळ्या प्लेटवर ठेवा. क्यूआर कोडही नुसत्या काळ्यात, किमान २ सेंटिमीटर बाजूचा आणि भोवती मोकळी जागा ठेवून. शिवाय छापखान्याला फाइल देताना कागद अनकोटेड आहे हे स्पष्ट सांगा, म्हणजे ते शाईचं प्रमाण त्यानुसार कमी करतील. संगणकाच्या पडद्यावरचा किंवा चकचकीत कागदावरचा प्रूफ, म्हणजे तपासायचा नमुना, इथे कामाचा नाही. प्रूफ त्याच कागदावर मागा.

घडीचंही तसंच. रद्दीच्या कागदातले तंतू आखूड झालेले असतात, त्यामुळे घडीवर तो फुटतो आणि रंग असेल तर पांढरी रेघ दिसते. घडी कागदाच्या धाग्याच्या दिशेने यावी आणि १५० जीएसएमच्या पुढे आधी क्रीजिंग करून, म्हणजे घडीच्या जागी दाबून खाच पाडून, घ्यावं. जुलै-ऑगस्टमध्ये आणखी एक अडचण: पुण्याच्या पावसाळी हवेत हा कागद ओल धरतो, कडा लाटेसारख्या वर येतात आणि रंग एकमेकांवर बसत नाहीत. गठ्ठा छपाईच्या खोलीत एक दिवस आधी आणून ठेवावा आणि वेष्टन मशिनवर घेतानाच उघडावं.

शाई आणि पाणी

‘सोया इंक’ या शब्दाभोवती बरंच वलय आहे. नेहमीच्या ऑफसेट शाईत खनिज तेल असतं. त्याऐवजी सोयाबीन, जवस यांसारखं वनस्पती तेल वापरलेली शाई चांगली. पण तिच्यातही रंगद्रव्य आणि रेझिन असतंच, म्हणून ‘सोया’ लिहिलं की सगळं शुद्ध झालं असं नाही. छापखान्यात हवा बिघडवणारा भाग दुसरीकडेच असतो. प्लेट ओली ठेवायच्या पाण्यात मिसळलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्लँकेट धुवायचं सॉल्व्हंट, दोन्ही खोलीत उडत राहतात आणि ते पहिल्यांदा जातात मशिनवर उभ्या असलेल्या कामगाराच्या नाकात. जुन्या पेठांतल्या कमी उंचीच्या, बंद खोल्यांमध्ये हा त्रास जास्त. म्हणून शाईच्या डब्यापेक्षा हे विचारा: पाण्यात अल्कोहोल किती टाकता, ते कमी करणारं पर्यायी रसायन वापरता का, मळलेल्या चिंध्या आणि वापरलेलं सॉल्व्हंट कुठे देता? ज्या छापखान्याकडे या तीन प्रश्नांची सरळ उत्तरं आहेत, तिथे काम द्यायला हरकत नाही.

लॅमिनेशन

संपूर्ण ऑर्डरमधला एकच शब्द खोडता येणार असेल, तर ‘लॅमिनेशन’ खोडा.

लॅमिनेशन म्हणजे कागदावर प्लास्टिकची पातळ फिल्म चिकटवणं, बहुधा पॉलीप्रॉपिलीनची. चकचकीत, मॅट, मखमली, सगळे प्रकार शेवटी प्लास्टिकच. एकदा ती चिकटली, की तो कागद धड कागद राहत नाही आणि धड प्लास्टिकही नाही. गिरणीत पाण्यात घुसळताना फिल्मचे तुकडे वेगळे काढून फेकावे लागतात, म्हणून रद्दीवाला असा माल घ्यायला नाखूश असतो. किती जपून निवडलेला रद्दीचा कागद असला, तरी दोन्ही बाजूंनी मॅट लॅमिनेशन केलं की त्याचा पुढचा जन्म तिथेच थांबला. ‘न फाटणारं’ व्हिजिटिंग कार्ड तर सरळ प्लास्टिकचंच असतं.

मग लोक लॅमिनेशन का करतात? तीन कारणं, आणि प्रत्येकाला वेगळं उत्तर आहे. एक, गडद रंगावर ओरखडे दिसतात: पार्श्वभूमी फिकट ठेवा. दोन, कार्ड मऊ पडतं: ३०० जीएसएमऐवजी ३५० घ्या किंवा हातकागद घ्या. तीन, शाई ओली असतानाच काम द्यायचं असतं: याबद्दल शेवटी बोलू. खरोखर संरक्षण हवंच असेल, उदाहरणार्थ हाताळला जाणारा कॅटलॉग किंवा हॉटेलचं मेन्यूकार्ड, तर पाण्यावर आधारित कोटिंग करून घ्या. त्याने कागदाच्या पुनर्प्रक्रियेत अडथळा येत नाही. त्यासाठी मशिनला वेगळं कोटिंग युनिट लागतं आणि ते लहान छापखान्यांत नसतं, हे आधी विचारून घ्यावं. मॅपलिथो किंवा रद्दीच्या कागदावर मात्र कोटिंगचे पैसे देऊ नका, ते आत मुरतं आणि दिसतही नाही.

नावापुरतं छोटं सोनेरी फॉइल चालेल. चमकी नको, ती प्लास्टिकच असते. कॅटलॉगला प्लास्टिकच्या स्पायरलऐवजी मध्ये दोन पिना मारा. लोखंडी पिना गिरणीत सहज वेगळ्या होतात. पानांची संख्या चारच्या पटीत ठेवा, नाहीतर कोरी पानं जोडली जातात.

फराळाचा डबा: इथे नियम उलटा

खाण्याच्या पदार्थाला लागणारा पुठ्ठा रद्दीचा असू नये. जुन्या छापील कागदातलं खनिज तेल त्यात उरतं आणि चकली-शेवेसारख्या तेलकट पदार्थात ते उतरू शकतं. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या पॅकेजिंग नियमांनुसार छापील बाजू अन्नाला लागता कामा नये आणि शाई आयएस १५४९५ या मानकाची हवी. वर्तमानपत्रात पदार्थ बांधून देणंही मना आहे. म्हणून आतला डबा नव्या लगद्याचा, बाहेरची पट्टी किंवा बाही रद्दीच्या कागदाची, अशी विभागणी करा. सगळी छपाई त्या बाहीवर घेतली, तर डबा कोराच राहतो आणि दिवाळीनंतर उरलेले डबे संक्रांतीला तिळगुळासाठी चालतात.

डब्यावर पारदर्शक प्लास्टिक गुंडाळायची सवय सोडावी लागेल. १ जुलै २०२२ पासून देशभर लागू असलेल्या बंदीत मिठाईच्या डब्यांवरची आणि निमंत्रणपत्रिकांवरची प्लास्टिक वेष्टनं आहेत. लग्नपत्रिका छापणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं.

फ्लेक्स

त्याच बंदीत १०० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिक आणि पीव्हीसी बॅनरही आहेत. चौकाचौकांत दिसणारं फ्लेक्स बहुधा याहून जाड असतं, त्यामुळे ते या कलमातून सुटतं. कायद्यातून सुटतं म्हणून ते चांगलं होत नाही. आत पॉलिएस्टरची जाळी, दोन्हीकडून पीव्हीसी, असं ते एकजीव केलेलं असतं, वेगळं करता येत नाही. आणि पीव्हीसी जाळलं तर क्लोरीनयुक्त विषारी वायू निघतात. गणपतीनंतर, निवडणुकीनंतर उतरवलेल्या फ्लेक्सचं शेवटी काय होतं, हे पावसात गळक्या छपरांवर ताणलेल्या फ्लेक्सवरून कळतं. तो पुनर्वापर खरा आहे, पण फ्लेक्स छापायचं कारण तो होऊ शकत नाही.

दुकानासाठी वर्षभर लागणारी पाटी असेल, तर मांजरपाटावर किंवा जाड सुती कापडावर स्क्रीन प्रिंटिंग किंवा हाताने रंगवून घ्या. फोटो हवाच असेल, तर कापडावर लेटेक्स शाईची छपाई विचारा; ही शाई पाण्यावर आधारित असते, सॉल्व्हंटचा वास येत नाही. प्रदर्शनातल्या स्टॉलला सनबोर्डऐवजी पुठ्ठ्याचा हनीकोम्ब बोर्ड लावा, फक्त पावसात उघड्यावर ठेवू नका. स्टँडी असेल तर तिची ॲल्युमिनियमची चौकट वर्षानुवर्षं टिकते. फक्त आतली छपाई बदलून मागा. आणि कोणत्याही मोठ्या बॅनरवर तारीख, वर्ष, ‘यंदा’, ‘भव्य उद्घाटन’ छापू नका. तारखेसाठी खाली रिकामी पट्टी ठेवा आणि दर वेळी तेवढा कागद चिकटवा. एवढ्यानेच एक बॅनर चार वर्षं चालतो.

बियांच्या कागदाबद्दल, म्हणजे लगद्यात बी घालून बनवलेल्या, पेरता येणाऱ्या कागदाबद्दल थोडक्यात. त्याला उष्णता सोसत नाही, म्हणून लेझर मशिनवर छापायचा नाही, स्क्रीनच हवं. दमट जागेत ठेवला तर बी सडतं, जुना झाला तर उगवत नाही. तो घ्यायचाच असेल तर कमी प्रतींत, पेरायच्या हंगामाजवळ, आणि कसं पेरायचं हे त्यावरच छापून.

पत्रकावर ‘इको-फ्रेंडली’ किंवा ‘हरित’ असं मोघम लिहू नका. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा दाव्यांबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत: दावा केला तर त्याचा आधार दाखवावा लागतो. ‘हा कागद उसाच्या चिपाडाचा आहे, लॅमिनेशन केलेलं नाही, वाचून झाल्यावर सुक्या कचऱ्यात द्या’ हे वाक्य खरं आहे, तपासता येतं, आणि वाचणाऱ्याला पुढे काय करायचं तेही सांगतं.

ऑर्डर देताना या गोष्टी तोंडी न ठेवता कोटेशनमध्येच लिहून घ्या: कागदाचं नाव आणि जीएसएम, शीटचं माप, एका शीटवर किती नग, प्लेटा किती, शाई कोणती, लॅमिनेशन नाही, जादा प्रतींची मर्यादा २ टक्के, प्रूफ त्याच कागदावर. ‘लॅमिनेशन नाही’ हे लिहायला विसरलात, तर कार्डांवर ते सवयीने केलं जातं.

आणि वेळ. अनकोटेड कागदावर वनस्पती तेलाची शाई वाळायला वेळ घेते. घाई केली तर गठ्ठ्यातल्या एका शीटची शाई वरच्या शीटच्या पाठीवर उमटते. दसऱ्यानंतर पेठांतली मशिनं दिवसरात्र चालतात, तेव्हा कुणी तुमचं काम दोन दिवस वाळत ठेवणार नाही. ‘लॅमिनेशन करून लगेच देतो’ हा सल्ला त्याच घाईतून येतो. दिवाळीची पत्रकं गणपती उठल्यावर लगेच छापायला टाका, आणि छपाई व कटिंग यांच्यात किमान ४८ तास मोकळे मागून घ्या.